धानाच्या कोंड्यावरचे झिंगे

१ नोव्हेंबर, शनिवार. सकाळी साडेसात.
आजपासून रोजनिशी. ही वही माझ्याशिवाय कोणी उघडायची नाही. हायस्कूलमध्ये बत्तीस वर्षं क्लार्क होतो, आवक-जावक रजिस्टर माझ्याकडे. लोक तोंडाने एक सांगतात आणि अर्जात दुसरंच लिहितात, हे मला पक्कं ठाऊक आहे. म्हणून जे घडेल ते तारीखवार इथे उतरवायचं. पुढेमागे पुरावा लागतो.

विषय असा. बारा तारखेला आसगावची मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची गावजत्रा. रक्षा आणि जावई कुलदीप लाखांदूरहून येणार. मंडईला लेकी-जावई सगळ्यांच्याच घरी येतात, त्यात विशेष नाही. पण लेक किती दिवस राहते ते जावयाच्या मर्जीवर. मे महिन्यात लग्न झालं, दिवाळसणाला आले आणि दोनच दिवस राहिले. ती गेल्यावर घरात इतकं सुनं वाटलं की मी नको ती सीरियल पूर्ण पाहिली.

टार्गेट: रक्षाला आठ दिवस ठेवून घेणे.

उपाय: दिवाळीत कुलदीपने शेजारी टेकचंदच्या घरी, त्याच्या बायकोच्या म्हणजे राधाबाईच्या हातचा झिंग्यांचा रस्सा खाल्ला. तीनदा मागून घेतला. आमच्या अनारशांना एकदाच छान म्हणाला. म्हणजे पोरगा झिंग्यांवर फिदा. तर मंडईच्या दिवशी मी अंगणात ग्रिल मांडणार. रोहू आणि झिंगे, विस्तवावर. पवनी तालुक्यात घरी कोणी केलं नसेल.

प्लॅन गुप्त.

१ नोव्हेंबर, दुपारी.
प्लॅन कुंताबाईला सांगितला. बायकोपासून काय लपवायचं.

आनंद व्हायला हवा होता.  उलट म्हणाली, अजी, यंदा मासोऱ्या राहू द्या, साधा वरन-भात करू, आलूवांग्याची भाजी करू. मी विचारलं, काहून? म्हणाली, वास येते. मी विचारलं, कोणाला येते? तर म्हणे, असंच.

तीस वर्षं जी बाई स्वतः पाट्यावर मासे साफ करते तिला आजच वास यायला लागला. नोंद केली.

३ नोव्हेंबर, सोमवार.
पहाटे उठून व्हिडिओ पाहिले. चार. टोपीवाला एक गोरा माणूस बागेत उभा राहून झिंगे उलटवतो आणि हसतो. हे आपल्याला जमणार. एवढं सोपं असताना लोक हॉटेलात का जातात कळत नाही.

पवनीला जाऊन वेल्डरकडून पाण्याचा जुना ड्रम उभा कापून आणला. अर्धा ड्रम, खाली चार पाय. त्याने विचारलं, कायले पाहिजे जी? इतकी चौकशी कशासाठी? मी सांगितलं, गाईला चारा टाकायला. तो म्हणाला, तुमच्याकडे गाय कधी आली? मी पैसे देऊन निघालो. वेल्डर टेकचंदचा लांबचा साडू आहे हे बसमध्ये आठवलं.

४ नोव्हेंबर, मंगळवार.
आज टेकचंद मधल्या भिंतीवरून डोकावला. त्याचं आणि आमचं अंगण एकाच भिंतीचं. म्हणाला, काय करून राहिले भैय्याजी? मी म्हटलं, काही नाही. तो म्हणाला, ड्रम लय चांगला आहे. मग हसला.

हसण्यासारखं ड्रममध्ये काय आहे?

टेकचंद तसा वाईट माणूस नाही. धानाचा व्यापार करतो, माझ्या आजारपणात आपल्या गाडीने भंडाऱ्याला नेलं होतं. पण जावई एकदा त्याच्या घरी जेवला की दरवर्षी तिथेच जेवणार, आणि रक्षा आमच्याकडे फक्त पिशवी ठेवायला येणार. हे मी होऊ देणार नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार.
इंधनाचा प्रश्न सोडवला. व्हिडिओत कोळसा वापरतात. कारण त्या बिचाऱ्यांकडे धान पिकत नाही. आपल्याकडे राइस मिलच्या मागे धानाच्या कोंड्याचे डोंगर आहेत, मिलवाला उलट घेऊन जा म्हणतो. तीन पोती आणली. कोंडा सावकाश जळतो, आच सारखी लागते. हे त्या टोपीवाल्याला कधी सुचलं नसतं.

मिलवाला म्हणाला, याचा धूर लय होते जी. सगळे नाउमेद करायलाच बसलेत.

वर जाळी हवी होती. बाथरूम बांधताना आणलेली रेतीची चाळणी मागच्या पडवीत होती. दोनदा धुतली. मापात बसली. नशीब लागतं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार.
गंभीर. सकाळी नळ भरून परत येताना पाहिलं, कुंताबाई आणि राधाबाई भिंतीपाशी उभ्या. हळू आवाजात बोलून राहिल्या होत्या. मी दिसताच राधाबाई मोठ्याने म्हणाली, यंदा थंडी लवकर पडली नाही का जी. थंडी अजिबात पडलेली नाही.

राधाबाईने कुंताबाईच्या पदरात काहीतरी टाकलं. मी दोन तासांनी पदर तपासला. आवळे आणि चिंचा. कोवळ्या, आंबट. लाच म्हणून आवळे कोण देतं? हा काहीतरी कोड असावा.

डाळीत काहीतरी काळं आहे.

८ नोव्हेंबर, शनिवार.
कुलदीपचा फोन. पहिल्यांदाच स्वतःहून माझ्याशी बोलला. मामाजी, तब्येत कशी आहे वगैरे. मग घसा साफ करून म्हणाला, मंडईले मासोऱ्या-गिसोऱ्या नोका करू, आपलं साधंच चालते. मी विचारलं, का बरं, दिवाळीत तर आवडले होते? तो अडखळला. म्हणाला, आता जरा बंदच आहे घरी.

बंद! ज्याने तीन वाट्या रस्सा रिचवला तो म्हणतो बंद. आणि मी मासे करणार हे लाखांदूरला कोणी कळवलं? कुंताबाई फोडणीकडे बघत राहिली. घर का भेदी.

अर्थ स्पष्ट आहे. टेकचंदने जावयाला आधीच बुक केलंय. आमच्याकडे वरण-भाताचे दोन घास खायचे आणि भिंतीपलीकडे झिंग्यांवर ताव मारायचा. म्हणून आमच्या घरी मासे नको. साधं गणित.

मी फोनवर गोड हसलो. प्लॅनमध्ये झिंगे एक किलोवरून दोन किलो केले.

९ नोव्हेंबर, रविवार.
रक्षाशी बोललो. आवाज थकलेला. जेवलीस का विचारलं, तर म्हणाली, काही जात नाही बाबा, अ‍ॅसिडिटी आहे. दिवाळीतही तिने फराळाला हात लावला नव्हता. सासरी खायला घालत नाहीत की काय? येऊ दे. आठ दिवसांत गुटगुटीत करून पाठवतो. झिंग्यात प्रोटीन असतं.

मी म्हटलं, तुझ्यासाठी सरप्राइज आहे.  मग ती म्हणाली, बाबा, सरप्राइजचा वास तर नाही ना येत? कसला चमत्कारिक प्रश्न. मी म्हटलं, सुगंध येईल.

तिची खोली स्वतः झाडली. कपाटात नवी रजई आणि दोन धुतलेल्या चादरी ठेवल्या. पलंगाखालचं जाळं काढलं. खोली किती लहान दिसते ती नसताना.

१० नोव्हेंबर, सोमवार.
मासेवाली मनकर्णाबाई दारावर आली. उद्याची ऑर्डर दिली, रोहू दोन किलो, झिंगे दोन किलो, वैनगंगेचे ताजे. ती कुंताबाईच्या तोंडाकडे बघत म्हणाली, भाऊ, घरात असं असताना कायले एवढ्या मासोऱ्या? मी विचारलं, कसं असताना? तिने टोपली डोक्यावर घेतली आणि निघाली. म्हणजे मासेवालीसुद्धा टेकचंदला फितूर! तिचा धंदा बुडेल हेही बाईला कळत नाही.

पण ऑर्डर तिलाच द्यावी लागणार. पाण्यात राहून माशाशी वैर करता येत नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार. संध्याकाळी सहा.
माल आला. वजन मी स्वतः दोनदा करून घेतलं. मनकर्णाबाई म्हणाली, आजच करून टाका, उद्यावर ठेवू नोका. म्हणजे उद्या जावयाच्या पुढ्यात काही नसावं. हुशार बाई. पण मी जास्त हुशार.

मसाला लावला. लसूण, आलं, हळद, तिखट, मोहरीचं तेल, दही. शिवाय माझी स्वतःची भर: कच्ची पपई किसून. मटणाला लावली की कसं लोण्यासारखं होतं. मासा मटणापेक्षा मऊच, म्हणजे अजूनच लोणी होणार. व्हिडिओवाले अर्धा तास मुरवतात. मी अठरा तास मुरवणार.

अडचण: ठेवायचं कुठे? फ्रिजला कुलूप नाही. कुंताबाई दोनदा येऊन डबा बघून गेली. एकदा म्हणाली, मी राधाबाईच्या घरी नेऊन ठेवते, त्याईच्या फ्रिजमंधी.  सरळ शत्रूच्या गोटात!

घरात पक्कं कुलूप एकच. रक्षाच्या खोलीतलं लोखंडी कपाट. मोठं पातेलं त्यात खालच्या खणात ठेवलं, वर ताट झाकलं, माझा स्वेटर दाबून बसवला. रजई वरच्या खणात सुरक्षित. किल्ली जानव्याला बांधली असती, पण जानवं नाही, म्हणून करदोट्याला.

कुंताबाई दारात उभी होती. म्हणाली, अजी, त्या खोलीत नोका ठेवू, पाया पडते. पाया पडते! तीस वर्षांत पहिल्यांदा. यावरून कट किती खोल आहे ते लक्षात यावं.

१२ नोव्हेंबर, बुधवार. मंडई. सकाळी सात.
आज. मन शांत. आंघोळ झाली, इस्त्रीचा शर्ट घातला. करदोट्याला किल्ली आहे.

रक्षाच्या खोलीत थोडा वास येतो. मसाला मुरल्याची खूण.

सकाळी दहा.
ड्रममध्ये कोंडा भरला. रॉकेल शिंपडून पेटवला. धूर येतो आहे. सुरुवातीला येणारच.

सकाळी पावणेअकरा.
धूर वाढला. ज्वाळा नाही. फुंकणीने फुंकलं. डावी भुवई थोडी गेली, ठीक आहे.

टेकचंद भिंतीवरून ओरडला, भैय्याजी, आग लागली का? मी म्हटलं, ग्रिल आहे. तो म्हणाला, लाकडं देऊ का? बाभळीची वाळलेली आहेत माझ्याकडे. मी नको म्हटलं. त्याच्या लाकडावर शिजलं की तो जन्मभर श्रेय घेईल.

दुपारी बारा.
लाखांदूरची बस आली. रक्षा फाटकातून आत आली, दोन पावलं, आणि तिने ओढणी नाकावर दाबली. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तशीच वळली आणि टेकचंदच्या फाटकातून आत. मागून कुलदीप बॅग घेऊन. मागून कुंताबाई तांब्या घेऊन. राधाबाई दारातच उभी होती, जणू वाटच पाहत होती.

माझ्या डोळ्यांदेखत. भर मंडईत.

म्हणजे माझा संशय शंभर टक्के खरा निघाला. एका अर्थाने समाधान वाटलं. दुसऱ्या अर्थाने पायरीवर बसलो.

हार मानायची नाही. सुगंध भिंत ओलांडेल आणि ते परत येतील.

दुपारी साडेबारा.
कपाट उघडलं.

इथे सविस्तर लिहीत नाही. पातेलं एका बाजूला कललं होतं. स्वेटर भिजला आहे. रजईपर्यंत कसं पोचलं कळत नाही. बहुधा रात्री कोणीतरी हलवलं. पण किल्ली तर माझ्याकडे होती. तपास करावा लागेल.

मासा मऊ झाला आहे. अपेक्षेपेक्षा थोडा जास्त.

दुपारी एक.
रोहू चाळणीवर ठेवला. तुकडा उचलायला गेलो तर हातात काटा आला, मासा चाळणीवरच राहिला. पपई फार इमानदार निघाली. झिंगे बरे होते. म्हणजे दिसत होते. चाळणीला चिकटले आहेत, चमच्याने खरवडून काढले. रंग कोंड्यासारखा.

चौकात दंडारीचा नाच चालू आहे. धूर तिकडे गेला. ढोलकीवाला खोकायला लागला म्हणून नाच थांबला, असं ऐकतो. वारा काय माझ्या हातात आहे?

दुपारी दीड.
कुलदीप एकटाच आला. भला पोरगा, काही म्हणा. मी प्लेट पुढे केली. त्याने एक झिंगा तोंडात टाकला. कर्रकन आवाज झाला. रेती असावी, किंवा रेतीच. दोनदा धुतली होती चाळणी! तो बराच वेळ तोंड न हलवता उभा राहिला. मग म्हणाला, वेगळी चव आहे मामाजी.

मी लगेच विचारलं, रक्षा किती दिवस राहणार? तो म्हणाला, आठ दिवसाचं ठरवलंच होतं जी. डॉक्टरनं आराम सांगितला आहे, तिच्या माहेरीच ठेवा म्हटलं.

कोणता डॉक्टर? कसला आराम? तो प्लेट ठेवून टेकचंदच्या फाटकाकडे निघाला.

दुपारी दोन.
राधाबाईने भिंतीवरून सांगितलं. सांगितलं म्हणजे ओरडली. म्हणाली, भैय्याजी, पोरीले तिसरा महिना आहे! दिवाळीपासून मासोरीचं नाव काढलं तरी ओकाऱ्या करून राहिली! आता अंगनात वाकून बसली आहे. विझवा ना जी ते!

दंडारीची ढोलकी बंद असल्यामुळे हे सगळ्या गल्लीला नीट ऐकू गेलं.

दुपारी साडेतीन.
विझवलं. कोंडा विझत नाही, आतून धुमसत राहतो. सोळा बादल्या पाणी. टेकचंदने आठ आणून दिल्या.

कुंताबाईला विचारलं, मला का नाही सांगितलं? ती म्हणाली, तिसरा महिना भरल्याबिगर कोनाले सांगत नाही. मी म्हटलं, मनकर्णाबाईला सांगितलं! ती म्हणाली, तिले मी नाही सांगतला, तिनं आवरे-चिचा पाहून ओरखलं. तुमी तर दिवाळीत पोरीले डोऱ्यानं पाहूनही नाही ओरखलं. आन् तुमाले सांगतला असता तर? सोयरीक पक्की व्हायच्या आधी तुमीच गावभर पेढे वाटले होते का नाही?

वाटले होते. ते वेगळं प्रकरण आहे.

मी आजोबा होणार. हे वाक्य लिहून पाहिलं. पुन्हा एकदा लिहितो. मी आजोबा होणार.

१३ नोव्हेंबर, गुरुवार.
रक्षा टेकचंदच्या घरी झोपली. आमच्या घरात, त्यातल्या त्यात तिच्या खोलीत, तिला पाऊल टाकवत नाही. तात्पुरतं आहे. आज खोली फिनाईलने पुसली, कडुलिंबाचा पाला जाळला, रजई उन्हात टाकली. उद्या येईल घरी.

कुंताबाई दारात उभी राहून नाक वर करून हुंगली. मान हलवली. नाही.

मला तर काही वास येत नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार.
कापूर. धूप. कॉफीची पूड कोणीतरी सांगितली, तीही ठेवली. आता खोलीत मासा, फिनाईल, कापूर आणि कॉफी असा वास येतो, असं कुंताबाईचं म्हणणं. कपाट बाहेर काढून घासलं. नाही.

मी स्वतः टेकचंदच्या घरी भेटायला गेलो. तीनदा आंघोळ करून. ओसरीवर पोचलो तोच रक्षाने हात वर केला आणि म्हणाली, बाबा, तिथूनच बोला ना. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणाली, तुमचा राग नाही बाबा, पोटच ऐकत नाही. मी फाटकापाशी उभा राहून तब्येत विचारली. टेकचंदने तिथे खुर्ची आणून दिली. फाटकापाशी.

खुर्ची आधीच काढून ठेवलेली दिसली. पण जाऊ द्या. आता संशय घेण्याची ताकद राहिली नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार.
रोज सकाळी भिंतीपाशी स्टूल ठेवून उभा राहतो. पलीकडे रक्षा उन्हात बसलेली असते. राधाबाई तिला लापशी देते आणि ती खाते. दोन वाट्या खाल्ल्या. गालावर रंग आला आहे. मी आठ दिवसांत गुटगुटीत करतो म्हटलं होतं, ते होतंय म्हणायचं.

काल ती टेकचंदला हसून काहीतरी सांगत होती. वारा आमच्याकडून वाहत होता म्हणून मी स्टूलवरून खाली उतरलो.

१९ नोव्हेंबर, बुधवार.
कुलदीप न्यायला आला. टेकचंदकडे झिंगे नाहीत, कांदा-लसूणसुद्धा नाही. आठ दिवस ते दोघं नवराबायको रक्षासाठी बिनफोडणीचं जेवले. हे कुंताबाईने सांगितलं. रजई गादीवाल्याला देऊन टाकली. त्यानेही परत आणून दिली.

२० नोव्हेंबर, गुरुवार. दुपारी चार.
रक्षा आज गेली. बरोबर आठ दिवस राहिली. टार्गेट पूर्ण झालं असं रेकॉर्डला लिहायला हरकत नाही.

स्टँडवर टेकचंदने बॅग घेतली, राधाबाईने चिंचेची बरणी. मी वाऱ्याची दिशा बघून दहा पावलं मागे चाललो. बस लागली. कंडक्टरने टेकचंदला विचारलं, मुलगी का जी तुमची? टेकचंद म्हणाला, नाही जी, मुलगी त्यांची आहे. आणि त्याने माझ्याकडे बोट केलं. कंडक्टरने दहा पावलांवरच्या मला पाहिलं, मग रक्षाला पाहिलं, आणि तिकीट फाडलं.

रक्षाने खिडकीतून हात हलवला. मार्चमध्ये येते बाबा, म्हणाली, सातव्या महिन्यात, बाळंतपणाला. बस सुटेपर्यंत मी हात वर धरून ठेवला होता.

घरी येताना मला रडू आवरलं नाही. कुंताबाईने विचारलं, काय झालं जी? मी सांगितलं, डोळ्यात धूर गेला. कोंडा विझून आठ दिवस झाले, हे तिने बोलून दाखवलं नाही.